ऑलिंपिक ट्रायथलॉनवरून हाफ आयर्नमॅनकडे: बडोदा ते मिरामार

सुरसागरकाठ
ऑलिंपिक ट्रायथलॉनच्या जुन्या धाग्यावर दोघा-तिघांनी "आता पुढे काय?" विचारलं होतं. पुढे गोवा झालं. २७ ऑक्टोबर २०२४ ला मिरामारहून सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३, म्हणजेच हाफ आयर्नमॅन, पूर्ण केली, ७ तास ४८ मिनिटांत. या वेळेने कुणाचे डोळे दिपणार नाहीत, पण चाळिशी उलटलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या आणि शाळेत खो-खोपलीकडे काही न खेळलेल्या बाईला ती पुरते. लिहायला उशीर झाला, कारण शर्यत संपली आणि लगेच दिवाळी आली. चकल्या कुणी पाडायच्या हा प्रश्न सप्टेंबरपासून माझ्या नावावर जमा होता.

ज्यांना अंतरं माहीत नाहीत त्यांच्यासाठी एकदाच सांगते. ऑलिंपिक ट्रायथलॉनमध्ये १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं. हाफमध्ये १.९, ९० आणि २१.१. तिन्हींची मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून ते नाव. पोहणं जेमतेम ४०० मीटरने वाढतं आणि बाकी दोन्ही दुपटीच्या वर जातात. एकूण मुदत साडेआठ तास. पाण्यातून १ तास १० मिनिटांत बाहेर यायचं आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल टेकवायची.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग भांडायला सगळे मोकळे. ऑलिंपिक करणाऱ्याला वाटतं की हाफसाठी दम वाढवायचा. दम वाढतो हो, रविवार-रविवार करत वाढतो. खरी तयारी करावी लागते ती पोटाची. ऑलिंपिकला सकाळी पोटभर न्याहारी आणि वाटेत एखादं जेल (पुडीतलं घट्ट, गोड चाटण) यावर निभतं, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराचा साखरेचा साठा) बऱ्यापैकी पुरून उरतं. हाफमध्ये ते सायकलवरच आटायला लागतं आणि पुढे अख्खी अर्धमॅरेथॉन उभी असते. म्हणजे सायकल चालवता चालवता, धाप लागलेली असताना, तहान-भूक नसताना, तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं आत ढकलत राहायचं. हे आपोआप जमत नाही, शिकावं लागतं.

माझी शिकवणी हालोल रोडवर झाली. पहाटे साडेचारला निघून पावागढच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतात. दर वेळी खिशात नवीन काहीतरी. चिक्की पहिल्याच फेरीत बाद, तिचे कण श्वासाबरोबर घशात जातात आणि हँडल सोडून खोकत बसावं लागतं. राजगिऱ्याची वडी टाळूला चिकटते, दोन घोट पाणी प्यायलं तरी निघत नाही. खजूर चांगला, पण बी काढलेलाच हवा, आणि बोटं चिकट झाली की गिअरचं बटण, चष्मा, बाटलीचं तोंड सगळंच चिकट. सासूबाईंनी मग सुपारीएवढे बटाटे उकडून, सालं काढून, मीठ आणि किंचित तूप लावून पिशवीत भरून दिले. ते अफलातून निघाले. तोंड गोड-गोड होऊन विटलेलं असताना तिसऱ्या तासाला खारट बटाटा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल. शेवटी जमलेला हिशेब असा: ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. ही बाटली साधारण तासाभरात संपवायची, अधूनमधून बटाटा, आणि जेल फक्त धावताना. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर. गजर झाला की प्यायचं, मन काहीही म्हणो.

दुसरी अडचण खास आपली, बडोद्याची. उघड्या पाण्यात पोहायचं कुठे? विश्वामित्री नदीत मगरी, आजव्याच्या तलावात मगरी. त्या वर्षी तर ऑगस्टअखेरच्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये आल्या होत्या. तीन दिवसांत २४ मगरी वस्तीतून पकडल्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडे पाणी ओसरेपर्यंत सराव म्हणजे जिना चढणं-उतरणं. एरवी सगळं पोहणं लालबागच्या जलतरण तलावात, तळाच्या काळ्या रेघेवर नजर ठेवून. समुद्रात ती रेघ नसते. म्हणून तलावातच डोळे मिटून आठ-दहा हात मारायचे आणि मग डोकं वर काढून समोरची पायरी शोधायची, असा उद्योग केला. बाजूच्या लेनमधल्या काकांना वाटायचं मला चक्कर आली.

शर्यतीबद्दल थोडक्यात. समुद्राचं पाणी कोमट होतं, त्यामुळे वेटसूटचा (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) प्रश्नच नव्हता. आपल्या अंदाजी वेळेप्रमाणे रांगेत उभं राहायचं, थोडे-थोडे लोक सोडतात. पोहणं ५२ मिनिटं, मानेला मिठाने चरे पडले (व्हॅसलीन लावून जा, काखेत आणि मानेवर). सायकल पावणेचार तास, चढउतार भरपूर. धावणं २ तास ५५ मिनिटं, त्यातला बराचसा भाग चालणं-धावणं असा. दमटपणा आणि ऊन, दोन्ही एकदम. रस्त्याच्या कडेला लोक ओकत होते, पोट धरून बसले होते. त्यांच्यातले कितीतरी पोहण्यात आणि सायकलवर माझ्या खूप पुढे होते.

प्रश्न विचारा. सायकल कुठली घेऊ, एवढंच विचारू नका, त्यावर इथे आधीच सात धागे आहेत.

---

लीलो_चेवडो
ताई, विश्वामित्रीत सराव केला असतात तर पोहण्याची वेळ ५२ ची ३० वर आली असती. मागे प्रशिक्षक असला की माणूस वेगाने पोहतो. (हलके घ्या.)

बाकी अभिनंदन! सासूबाईंना वेगळं अभिनंदन.

---

खंडेराव_मार्केट
+१ बटाट्याला. आणि पुराचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे तळमजला आठवडाभर पाण्यात होता. त्यात तुम्ही सराव चालू ठेवलात, कमाल आहे.

एक शंका. नवरात्र ३ ऑक्टोबरपासून होतं, म्हणजे शर्यतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी. बडोद्यात राहून गरबा सोडलात? की केलात? माझी मुलगी म्हणते गरबा हाच सराव धरायचा, रात्री तीन-तीन तास गोल फिरणं म्हणजे कार्डिओच.

---

सुरसागरकाठ
गरबा सोडून बडोद्यात राहायचं म्हणजे घरात कोंडून घ्यायला हवं :) गेले, पण मोजक्याच रात्री. मुलीला सांगा, दम वाढायला गरबा उत्तम, पण शर्यतीच्या तोंडावर पोटऱ्यांना महाग पडतो. मैदानात अनवाणी, मातीत, आणि सगळी हालचाल आडवी, उड्या आणि वळणं. धावणं आणि सायकल या दोन्ही सरळ रेषेतल्या गोष्टी, आडव्या झटक्यांची पायांना सवय नसते. शिवाय परत यायला एक-दीड वाजतो आणि पाचला पोहायचं असतं. त्यामुळे गरब्याच्या दुसऱ्या दिवशी पोहणं ठेवलं, धावणं नाही. भोंडल्याला मात्र सगळे दिवस गेले, तिथली खिरापत कर्बोदकांत धरली.

---

नाडीपरीक्षा
धागा आवडला. व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून पोटाबद्दल थोडं जास्तीचं.

लोक रस्त्यात ओकतात त्याचं कारण बहुतेक वेळा वाईट जेल नसतं. उन्हात जोराने हालचाल चालू असते तेव्हा रक्त स्नायूंना हवं असतं आणि अंग थंड ठेवायला त्वचेलाही हवं असतं. मग ते आतड्याकडून काढून घेतलं जातं. आतड्याला रक्त कमी म्हणजे शोषण मंद. तुम्ही वरून ओतत राहता, खाली सरकत काही नाही, आणि पोट फुगतं. गोव्यात हे जास्त होतं, कारण दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि अंग गार होतं ते घाम सुकल्यामुळे. बडोद्याच्या कोरड्या उन्हात तासाला जेवढं पचलं तेवढं तिथे पचेलच असं नाही. अशा वेळी खाणं वाढवून उपयोग नाही, वेग कमी करावा, डोक्यावर-मानेवर पाणी ओतावं. पोट आपोआप सुटतं.

तुमच्या साखरेच्या बाटलीचं कौतुक वाटलं. ग्लुकोज आतड्यातून आत घेणारी वाहक प्रथिनं तासाला सुमारे ६० ग्रॅमला तुडुंब होतात. फ्रुक्टोजला वेगळी वाट आहे. महागड्या पावडरींत दोन्ही मिसळून विकतात ते त्यासाठीच. आणि आपली स्वयंपाकघरातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. गोडी सहन होत असेल तर ती अजिबात हलकी वस्तू नाही.

एक इशारा मात्र देतो. पाणी "जास्तीत जास्त" पिऊ नका. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, भ्रमिष्टपणा येतो, आणि लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाजतात. हे जिवावर बेतू शकतं. घरी एक साधी चाचणी करा: तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जेवढे ग्रॅम कमी, साधारण तेवढे मिली घाम गेला, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवायचं. घामापेक्षा जास्त पिण्याचं काही कारण नाही.

---

जुना_आखाडा
अभिनंदन आहेच. पण थोडा खडा टाकतो, चालेल ना?

आमचे आजोबा दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, प्रो. माणिकरावांच्या काळात. तिथे व्यायाम म्हणजे रोजचा, फुकट आणि घरी सांगायची गरज नसलेला. आता शर्यतीची फी, हॉटेल, सायकलीचं खोकं, घड्याळ, गुडघ्याचे पट्टे. एका सकाळीत मध्यमवर्गीय घराचा कितीतरी महिन्यांचा किराणा जातो. आणि त्याहून मोठा प्रश्न: लांब म्हणजेच मोठं हे कुणी ठरवलं? ट्रायथलॉन २००० साली सिडनीला ऑलिंपिकमध्ये आलं ते याच १.५-४०-१० च्या अंतरात. जगातले उत्तमोत्तम खेळाडू आयुष्यभर तेच अंतर करतात आणि वेग वाढवतात. आपल्याकडे एकदा ऑलिंपिक झालं की पुढच्या वर्षी हाफ, मग फुल, मग हातावर गोंदण. ऑलिंपिक साडेतीन तासांचं पावणेतीन तासांत करून दाखवा, ते हाफपेक्षा अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत.

---

हालोलहायवे
जुना_आखाडा काकांशी सहमत नाही. वेग वाढवायला वय आडवं येतं, अंतर वाढवायला येत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला फुल आयर्नमॅन पूर्ण केली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १५ तास १९ मिनिटांत. त्यात काय वाईट आहे? आणि गोव्यात त्याच दिवशी खासदार तेजस्वी सूर्या होते, ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंद. मुदत साडेआठची. म्हणजे अडीच मिनिटं शिल्लक. असल्या माणसाला तुम्ही सांगणार का की आधी ऑलिंपिक पावणेतीन तासांत कर?

---

सुरसागरकाठ
काका, खडा टाका की, त्यासाठीच धागा आहे.

पैशाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मी हिशेब ठेवला होता आणि तो इथे लिहीत नाही, कारण आमचे हे पण हे संकेतस्थळ वाचतात. ऑलिंपिक वेगाने करणं अवघड आहे हेही मान्य. पण वेगाची शर्यत मला नको होती. मला शनिवारी रात्री नऊला झोपून रविवारी पहाटे हालोल रोडला लागायचं होतं, दिवाळीपर्यंत दर आठवड्याला. छोट्या शर्यतीला तेवढी सवड घरून मिळत नाही. "दहा किलोमीटर धावायला चार तास कशाला लागतात?" असं विचारतात. "हाफ आयर्नमॅन" म्हटलं की निमूटपणे बटाटे उकडून मिळतात. याला तुम्ही ढोंग म्हणा हवं तर.

नाडीपरीक्षा सर, वजनाची चाचणी मी केली होती. सप्टेंबरच्या उकाड्यात कमाटीबागेत तासाभरात किलोहून थोडा जास्तच घाम गेला. वेग कमी करून पोट सुटतं हे अगदी बरोबर, धावण्याच्या मध्यावर मला तेच करावं लागलं. मी चालले म्हणूनच पुढे खाऊ शकले.

---

राजवाडा_इंदूर
इंदूरहून वाचतोय. आमच्याकडे सिमरोलचा घाट तरी आहे. बडोदा तर ताटासारखं सपाट. गोव्याच्या चढांची तयारी कशी केलीत?

---

लीलो_चेवडो
बडोद्यात चढ म्हणजे अटल ब्रिज. गेंडा सर्कलवरून चढायचं, मनीषा चोकडीला उतरायचं, साडेतीन किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्याआधी आम्ही स्पीड ब्रेकरवर सराव करायचो.

---

सुरसागरकाठ
@राजवाडा_इंदूर, पुलावर पहाटे फेऱ्या मारल्यात, नाकारत नाही. पण खरा उपयोग झाला पावागढचा. पायथ्यापासून माचीपर्यंत रस्ता आहे, तिथून पुढे रोपवे. तो चढ हलक्या गिअरवर बसून, घाई न करता करायचा. ऑलिंपिकमध्ये चढावर उभं राहून जोर मारला तरी पुढे फक्त दहा किमी धावायचं असतं, निभतं. हाफमध्ये तो जोर मांड्या लक्षात ठेवतात आणि धावताना वसूल करतात. नव्वद किमी संपताना "अजून वीस मारता आले असते" असं वाटलं पाहिजे. मला वाटलं. दहा-बारा किलोमीटर धावल्यावर ते वाटणं संपलं ते सोडा.

सपाट रस्त्याचा एक फायदाही आहे. पॅडल कधी थांबत नाही. घाटात उतारावर पाय विश्रांती घेतात, हालोल रोडवर चार तास सलग फिरवावे लागतात, आणि बहुधा समोरून वारा.

---

पोहता_येत_नाही_नीट
ताई, मी याच वर्षी स्प्रिंट ट्रायथलॉन केली (७५० मीटर, २० किमी, ५ किमी), तीही तलावात. समुद्राची भीती वाटते. तलावात दोन किमी आरामात होतात, पण उघड्या पाण्याचा विचार केला की छाती धडधडते. हाफला नाव नोंदवू का? आणि मी एकटी हालोल रोडला पहाटे जाऊ शकत नाही, घरचे सोडणार नाहीत.

---

सुरसागरकाठ
आधी रस्त्याचं. एकटी मीही गेले नाही, जाऊही नकोस. आमचा गट आहे, मागे-पुढे लाल दिवे, फ्लोरोसंट जाकिटं, आणि एकाच्या मागे एक. जानेवारीत मात्र बाहेर सायकल काढूच नका, उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आधीचे आठ-दहा दिवस आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण धरून. दुचाकीला पुढे तारेची कमान लावता येते, सायकलवर वाकून बसलेल्याच्या गळ्याला मांजा थेट लागतो. त्या दिवसांत घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर.

समुद्राचं असं आहे की धडधड पहिल्या दोनशे मीटरमध्ये असते. गर्दी, लाटा, कुणाची तरी लाथ, खारट घोट. श्वास उथळ होतो आणि वाटतं बुडणार. तेव्हा उताणं व्हायचं किंवा ब्रेस्टस्ट्रोक घ्यायचा, दहा लांब उच्छ्वास सोडायचे. श्वास आत घेण्यावर नको, बाहेर सोडण्यावर लक्ष द्यायचं. मदतीला कयाकवाले (छोट्या होडीवाले) असतात, कयाक धरून थांबलं तरी चालतं, फक्त त्याच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. खारं पाणी तलावापेक्षा जास्त तरंगवतं, हे अंगाला कळलं की निम्मी भीती जाते. आणि रांगेत कडेला उभी राहा, मधोमध नको.

नोंदव. पण आधी दोन-चार वेळा समुद्रात उतरून ये. पावसाळ्यात किनारे बंद असतात, म्हणून मे महिन्यापर्यंत जायला हवं. मालवण-दापोलीला कुणी नातेवाईक असतील तर उन्हाळ्याची सुट्टी तिकडे. किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या जवळून, आणि बरोबर कुणीतरी पोहणारं.

---

नाडीपरीक्षा
@पोहता_येत_नाही_नीट, एक भर. नाव नोंदवण्याआधी ईसीजी आणि रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्या, विशेषतः घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर. समुद्रात धडधडते ती बहुतेक वेळा भीतीच असते, पण एकदा खात्री केलेली बरी.

---

जुना_आखाडा
ढोंग वगैरे म्हणणार नाही, बटाट्याचा मुद्दा पटला :) तरी माझं मत कायम.

एक साधा प्रश्न. सायकल गोव्याला नेलीत कशी? माझा पुतण्या पुढच्या वर्षी जातोय आणि विमानाच्या सामानाच्या भीतीने सायकल भाड्याने घ्यायच्या गोष्टी करतोय.

---

सुरसागरकाठ
भाड्याची नको म्हणावं. पोटाला जसं ओळखीचं अन्न, तसं बुडाला ओळखीचं सीट.

आम्ही रेल्वेने नेली, कोकण रेल्वेने मडगावपर्यंत बडोद्याहून थेट गाड्या आहेत. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची पुठ्ठ्याची खोकी पडून असतात, मागितली की देतात. पुढचं चाक, सीट, हँडल आणि पॅडल काढायचं. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. पुतण्याला हे आधीच सांगा, नाहीतर जोर लावून आटे खाईल. पुढच्या फोर्कमध्ये लाकडी ठोकळा अडकवा म्हणजे दबून वाकणार नाही. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सोडवून फडक्यात गुंडाळून आत वळवा, वाटेत वाकतो तो तोच. ॲलन कीचा संच आणि पंप आठवणीने बरोबर. विमानाने गेलात तर हवेची छोटी सिलिंडरं बहुतेक वेळा सामानात चालत नाहीत, ती तिकडे विकत घ्यावी लागतात.

आणि पोहोचल्यावर सायकल जोडून तासभर फिरवून बघायची, शर्यतीच्या सकाळी नाही, दोन दिवस आधी. त्याला माझा निरोप द्या, रविवारी पाचला आम्ही समा रोडवरून निघतो, आला तर बटाटे जास्तीचे आणीन.